घेतली म्हणेपर्यंत

१

एक होता मास्तर, एक होता मास्तरचा लेक, एक सून, आणि एक सुनेच्या पोटातली. मास्तर शाळेतला नव्हे. विमानतळाच्या पाठच्या अंगाला, मालाच्या गोदामाशेजारी एक बसकी इमारत होती. तिच्या वरच्या खोलीत बसून तो विमानांना वाट आखून द्यायचा. कुठून जायचं, वारा कुणीकडून येतोय, तेल किती भरायचं, जिथं उतरायचं तिथं उतरता आलं नाही तर मग कुठं तोंड फिरवायचं. या कामाला डिस्पॅचर म्हणतात. नव्या पोरांना तोच शिकवायचा, म्हणून नाव पडलं मास्तर. बायको केव्हाच गेलेली. लेक त्याच कंपनीत कॅप्टन.

आपल्याला वाटतं विमान पायलटचं. तसं नसतं बरं. निघायच्या आधी कागदावर दोन सह्या लागतात, एक कॅप्टनची, एक डिस्पॅचरची. दोघांतल्या एकानं मान हलवली नाही तर चाक हलत नाही. आणि एकदा सही केली की ते विमान जमिनीला टेकेपर्यंत दोघांच्याही गळ्यात, वरच्याच्या आणि खालच्याच्या. बापलेकाच्या सह्या एका कागदावर पडायच्या तेव्हा मास्तर तोंड वाकडं करून म्हणायचा, याची सही म्हणजे कोंबडीनं पाय पुसलेत. पण त्या दिवशी तो जिना चढताना गुणगुणायचा.

खोलीत टेबल एक, खुर्ची एक. कंपनीच लहान. पाळी बदलताना तिथं एक रीत होती. उठणाऱ्यानं हवेतली विमानं एकेक करून सांगायची आणि म्हणायचं, "दिली." येणाऱ्यानं म्हणायचं, "घेतली." ते ऐकल्याशिवाय उठणाऱ्यानं उंबरा ओलांडायचा नाही. मधल्या श्वासाएवढ्या वेळात विमानं कुणाचीच नसतात, असं मास्तर पोरांना सांगायचा. पोरं हसायची.

२

मास्तरच्या मागून पाळीला यायचा तो उंट. मान लांब, चाल डुलती, म्हणून उंट. त्यालाही त्याचं काही नव्हतं. नवं कुणी आलं की मास्तरकडे बोट दाखवून तोच सांगायचा, मी उंट आणि हा उंटावरचा शहाणा, आमच्या दोघांवर कंपनी चाललीय.

तर त्या दिवशी लेक चौदा नंबरचं विमान घेऊन समुद्रापलीकडच्या बेटाकडे निघाला. सुनेचे दिवस भरलेले. सही करता करता तो म्हणाला, घरून काही निरोप आला तर वर कळवा. मास्तर म्हणाला, कळवतो, तू आधी वर तर जा.

दुपारी शेजारणीचा फोन आला. कळा सुरू झाल्यात, आम्ही दवाखान्यात आहोत, तुम्ही या. पाळी संपतच आली होती. उंटही वर आलेला. अंगातला कोट खुंटीला अडकवून तो कोपऱ्यात किटलीपाशी पाठमोरा उभा होता. मास्तरनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. चौदा हवेत आहे, बेटावर धुकं धरतंय असं दिसतंय, लक्ष ठेव, दिली, असं म्हणत म्हणतच तो जिना उतरला. किटलीतलं पाणी खदखदत होतं.

उंटाला काही ऐकू गेलं नाही. वळून बघतो तर खुर्ची रिकामी. त्याला वाटलं, मास्तर शेजारच्या खोलीतून हवामानाचे कागद आणायला गेलाय. घेतली म्हटल्याशिवाय हा माणूस कधी गेलाय का? म्हणून त्यानं चहा गाळला, खिडकीशी उभं राहून प्याला, वाट बघितली. हेडफोन टेबलावर पालथा पडला होता.

बेटावर धुकं जमिनीला टेकलं. मागं फिरायची वेळ होती तेव्हा फीर म्हणायला कुणी नव्हतं. उंटानं हेडफोन कानाला लावला तोवर पलीकडे नुसती खरखर. विमान कुठं उतरलं ते कुणालाच कळलं नाही. इकडे दवाखान्यात मास्तरच्या हातात नात दिली, आणि तेव्हाच त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला.

चौकशी झाली. दोघांना वेगवेगळं बोलावलं. दोघं एकमेकांशी एक शब्द न बोलता एकच बोलले: दिली होती, घेतली होती, कॅप्टननं हवामान विचारलंच नाही. मेलेला माणूस उलट उत्तर देत नाही. दोष कॅप्टनच्या माथी गेला. चौदा नंबर कंपनीनं पुसून टाकला. पुन्हा कुठल्या विमानाला तो दिला नाही.

३

दिवस कुणासाठी थांबत नाहीत. नात रांगली, उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. मास्तर कामावर जात होता. उंटही येत होता. फक्त त्याला एक नवीन खोड लागली. तो दारातूनच, कोट अंगात असतानाच, मास्तरनं तोंड उघडायच्या आत म्हणायचा, "घेतली." कधी कधी तर जिन्यातून. खालच्या गोदामातली माणसं त्याची नक्कल करायची. मास्तरला वाटायचं, दुधानं पोळलाय, ताक फुंकतोय.

एके दिवशी उंटाला उशीर झाला. बाहेर लख्ख ऊन, खिडकीच्या काचेवर माशी फिरत होती. मास्तरनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला, आणि जिन्यात पावलं वाजली म्हणून सवयीनं म्हणाला, दिली. पावलं गोदामातल्या हमालाची होती. ती खालीच थांबली.

तेव्हा टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक आवाज आला. डबीत किडा कोंडावा तसा. मास्तरनं तो उचलून कानाला लावला.

"डिस्पॅच, चौदा नंबर. पुढचं हवामान द्या."

मग उरलेल्या तेलाचा आकडा. मग थोडी खरखर. मग तोच आवाज, थोडा खाली उतरलेला.

"घरचा काही निरोप?"

जिन्यातून उंट ओरडला, घेतली. हेडफोनमध्ये दुसऱ्याच कुठल्या तरी विमानाची बाई वाऱ्याचा वेग विचारत होती.

मास्तर घरी निघाला. वाटेत त्यानं मनाची समजूत घातली. जुनं कुठलं तरी बोलणं टेप झालेलं असेल, यंत्रात अडकलं असेल. कुणी टवाळ असेल. माझेच कान असतील, वय झालं. कारणं तीनही चांगली होती. एकही गळी उतरलं नाही, कारण त्या आवाजानं त्याला सांगितलेलं तेलही त्यानं ऐकलं होतं. त्या दिवशी भरून दिलेल्या तेलातून इतक्या वाटेचं वजा केलं की तेवढंच उरतं. ते गणित त्यानं स्वतः मांडलं होतं.

४

दुसऱ्या दिवशी मास्तरनं पाळी संपायच्या बरंच आधी रिकाम्या खोलीला सांगितलं, दिली.

आवाज आला. तिसऱ्या दिवशीही आला. तेच शब्द, निरोपाचा तोच प्रश्न. फक्त तेल दर दिवशी थोडं कमी. आणि आवाजामागं आता आणखी काही ऐकू यायचं: एखादं मूल रडल्यासारखं, पट्ट्याचं बक्कल लागल्यासारखं, कुणी तरी खोकल्यासारखं. मास्तर उत्तर देत नसे. तोंड उघडलं तर काय होईल हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होतंही. उत्तर दिलं की विमान त्याचं. आणि विमान त्याचं झालं की त्याला हवामान खरं सांगावं लागणार. खरं सांगितल्यावर लेक पुढं काय विचारणार? काहीच नाही. मग तो आवाजही नाही.

आईबापाला लेकराचा आवाज रोज दुपारी ऐकायला मिळत असेल, तर तो कोण सोडेल? मास्तर नवे कपडे घालून कामाला जायला लागला. दाढी रोज करायचा. सून बघायची.

सून मोठी मानी. सोसायटीतल्या बायका तिला बघून जिना बदलायच्या. त्या विमानात तिथलीही माणसं होती. कॅप्टनची बायको म्हणून कुणी तिला कामावर ठेवेना. नातीचा वाढदिवस घरात होत नसे, कारण तोच दिवस. एका संध्याकाळी पोरीला भरवताना ती मास्तरकडे न बघता बोलायला लागली. म्हणाली, मला एक कोडं सुटत नाही.

"गॅस बंद केला का, हे दोनदा विचारणारा माणूस तो. आमटीत मीठ घातलंस का म्हणून तीनदा विचारायचा, मी चिडायचे. बाबा, तो हवामान विचारणार नाही?"

मास्तर म्हणाला, त्या गडबडीत राहून गेलं असेल. सुनेनं पोरीचं तोंड पुसलं, आणि मग उगाच पुन्हा पुसलं.

५

खोटं एकटं राहत नाही, ते घर करतं. मास्तरची "दिली" रोज लवकर व्हायला लागली. उंट यायच्या आधीचा तो मोकळा वेळ, ज्यात विमानं कुणाचीच नसतात, तो त्यानं ओढून ओढून लांब केला, जुनं स्वेटर ओढावं तसा. त्यात खरी विमानं होती. खऱ्या माणसांची. पण त्यांना काय होतंय, अशी त्यानं मनाची समजूत करून घेतली होती.

त्या दुपारी लेकाचा आवाज फार बारीक झाला होता. तेल इतकं थोडं की सांगताना तो अडखळला. "डिस्पॅच, कुणी आहे का?" हे त्यानं पहिल्यांदाच विचारलं. मास्तरनं दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबला, डोळे मिटले. त्या आवाजावर दुसरा आवाज येत होता, एक बाई, सारखी मधे मधे, काही तरी विचारत होती. मास्तर तिला म्हणाला, गप गं. जरा गप बस.

कुणी तरी त्याच्या डोक्यावरून हेडफोन ओढून काढला. उंट. कोट अंगात, श्वास लागलेला.

"सहा नंबर, बोला," उंट म्हणाला. ऐकलं. विमानांचे ठिपके दाखवणाऱ्या टेबलावरच्या पडद्याकडे बघितलं. "डावीकडून जा. डोंगर सोडून जा. हो, आत्ता. मी आहे."

मग बराच वेळ तो उभाच राहिला, पडद्यावरचा ठिपका डोंगरांवरून बाजूला होईपर्यंत. विजांचे ढग होते समोर. सहा नंबरची कॅप्टन बाई वाट बदलू का म्हणून विचारत होती. ठिपका सुटला तेव्हा उंट खाली बसला. खुर्चीत नव्हे, जमिनीवर.

"तीनदा विचारलं तिनं," तो म्हणाला. "मास्तर, तीनदा."

मास्तरला वाटलं तो आता शिव्या देईल. उंटानं दिल्या नाहीत. त्यानं विचारलं, तुला तो रोज काय सांगतो?

मास्तरनं मान वर केली. "तुलाही ऐकू येतं?"

"मी दारातूनच 'घेतली' का म्हणतो, ते तू कधी विचारलं नाहीस. मला नाही ऐकायचं ते. माझा तो कोण, तरी मला नाही ऐकवत." उंटानं मान खाली घातली. लांब मान, फार खाली गेली. "तू बाप आहेस, म्हणून मी बोललो नाही. पण आज ती बाई गेली असती, तर तिचाही आवाज रोज ऐकत बसला असतास?"

६

त्या रात्री मास्तर झोपला की नाही, ते सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं जुनेच कपडे घातले. दुपारी उंट वेळेवर आला, पण वर आला नाही. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहिला, इकडे पाठ करून. हवेत त्या वेळी एकही विमान नव्हतं. ती वेळ दोघांनी बघूनच धरली होती.

मास्तर म्हणाला, दिली. आणि कुणी काही म्हणायच्या आत खरखर झाली.

"डिस्पॅच, चौदा नंबर."

"चौदा नंबर, डिस्पॅच," मास्तर म्हणाला. "घेतलं. विमान माझ्याकडे आहे."

थोडी खरखर. मग आवाज आला. रागाचा नव्हता. दमलेला होता, मैलोन्‌मैल चालून आलेल्या माणसाचा असतो तसा.

"किती वेळ विचारतोय."

"हो. मी जागेवर नव्हतो."

"हवामान द्या."

मास्तरला वाटलं, आकाश मोकळं आहे, ये, असं म्हणावं. कोण अडवणार होतं? पण बाप झाला तरी तो त्या खुर्चीत बसला होता. त्यानं सांगितलं, बेट बंद आहे, धुकं जमिनीला टेकलंय. मागं फिरायची वेळ होती तेव्हा मी सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. आता तुमचं तेल कुठल्याच धावपट्टीपर्यंत पुरत नाही.

खरखर. मागं कुणाचं तरी मूल रडत होतं आणि कुणी त्याला उगी उगी करत होतं.

"माझं काही चुकलं का?"

"नाही." मास्तर आता कॅप्टनशी बोलत नव्हता. "नाही रे राजा. तू विचारलंस. मी नव्हतो."

मग त्यानं विचारलं, तू आहेस कुठं. लेकानं सांगितलं, नेहमीसारखं, अक्षांश-रेखांशाचे आकडे सुटे सुटे करून. मास्तरनं ते परत म्हणून दाखवले. लेक म्हणाला, बरोबर.

"घरचा काही निरोप?"

"मुलगी झाली," मास्तर म्हणाला. "चालते आता. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारते."

पलीकडे काही तरी झालं, हसू की हुंदका, त्या आवाजात ओळखू येईना. मागचं मूल रडायचं थांबलं होतं. सगळंच थांबलं होतं.

"बरं," लेक म्हणाला. "बाबा, उतरतो."

खरखरही गेली. हेडफोनमध्ये इतकं रितं की मास्तरला आपल्याच रक्ताचा आवाज ऐकू येत होता. त्यानं तो काढला, आणि कशानं तरी खिडकीकडे बघितलं.

लांब, गोदामांच्या पलीकडे, जिथं कुणी विमान लावत नाही तिथं एक विमान उभं होतं. ऊन होतं, पण त्याच्या पंखांखालून पाणी गळत होतं. गोल खिडक्यांत माणसं दिसत होती. उभी होती सगळी, विमान टेकलं की दार उघडायच्या आधी उभी राहतात तशी, सामान हातात घेऊन, माना थोड्या वाकवून. कुणी घाई करत नव्हतं. पुढच्या काचेमागं कुणाचा तरी हात वर झाला. मास्तरनंही हात वर केला. डोळे भरून आले म्हणून पुसले, आणि पुसून बघतो तर तिथं नुसती जमीन, कोरडी ठणठणीत.

जिन्यातून उंटानं विचारलं, दिली का?

"दिली."

"घेतली," म्हणत उंट वर आला.

७

मास्तर त्याच दिवशी चौकशीच्या अधिकाऱ्यापुढं जाऊन बसला. सांगितलं, घेतली ऐकल्याशिवाय मी उठलो, आणि नंतर खोटं बोललो. जागाही सांगितली, इथं शोधा. कशावरून, असं विचारल्यावर वारा आणि तेल यांचा हिशोब मांडून दिला. हिशोब खरा होता, म्हणून तो मान्य झाला. उंट दुसऱ्या दिवशी आपणहून गेला आणि आपलं सांगून आला. दोघांची कामं गेली. उंट म्हणाला, आता शहाणा पायी चालेल आणि उंट घरी बसेल.

समुद्रात तिथंच विमान सापडलं. माणसं घरोघरी आली, ज्याची त्याच्याकडे. मास्तरनं लेकाला खांदा दिला. विमानातलं बोलणं टिपणाऱ्या पेटीतून आवाज निघाला, तो सगळ्यांनी ऐकला: हवामान द्या, हवामान द्या, डिस्पॅच, हवामान द्या. आणि कागदावर आलं की कॅप्टनचा काहीही दोष नव्हता.

आपण काय केलं ते सुनेला मास्तरनं आधीच, अधिकाऱ्याकडे जायच्या आधी सांगितलं होतं. ती पोरीला उचलून आतल्या खोलीत गेली, आणि तेव्हापासून तिनं त्याला हाक मारली नाही. ताट वाढायची, औषध ठेवायची, पण बाबा म्हणून शब्द नाही. मास्तरनं तो मागितलाही नाही. दुपार झाली की तो खिडकीशी बसायचा. कान लावून बसायचा. काही येत नसे. एकदाच खरं बोलला, आणि लेकाचा आवाज त्यातच गेला. आता दुपार नुसती दुपार होती, आणि ती सरता सरत नसे.

अशाच एका दुपारी दार वाजलं. त्या घराचं दार कुणी वाजवत नसे. सुनेनं उघडलं. समोर खालच्या मजल्यावरची बाई, तिचा नवरा त्या विमानात होता. हिला बघून जिना बदलणाऱ्यांत ती सगळ्यात पुढं होती. हातात काही नव्हतं, हात कुठं ठेवावे हे तिला कळत नव्हतं.

"मी रोज त्यांना शिव्या घालायचे," ती म्हणाली. "तुमच्या नवऱ्याला. सकाळी उठल्यावर पहिलं तेच. पेटीतला तो आवाज ऐकला आणि... मी आत येऊ का?"

सून बाजूला झाली. बाई आत येऊन बसली. नात पाळण्याच्या वयाची राहिली नव्हती. ती चालत येऊन तिच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, कोण तू, कोण तू, म्हणाली. बाईनं तिला उचलून मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसलं.

मास्तर खिडकीशी होता. त्याला वाटलं, आपण इथून उठून जावं, या बाईच्या नजरेला पडू नये. तो उठायला लागला तेव्हा सून वळली. तिचा चेहरा रडून सुजला होता.

"बाबा," ती म्हणाली, "पाहुण्या आल्यात. चहा टाकता का?"

मास्तर स्वयंपाकघरात गेला. साखर सांडली, पण चहा झाला. बाहेर दोघी बोलायला लागल्या होत्या, हळू आवाजात, आणि मधेच पोर हसली. त्या घरात भाग्य आलं ते असं, दार वाजवून आलं, आणि अंधार पडेपर्यंत बसलं.